ऐकू आले, पण कळले नाही

मराठीच्या प्राध्यापिकेला समास, अलंकार आणि परीक्षेचे पेपर यांपलीकडे सहसा कोणी काही विचारीत नाही. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून द्या, स्नेहसंमेलनात दोन शब्द बोला, नातवासाठी ‘य’वरून एखादे नाव सुचवा, एवढीच काय ती आमची समाजसेवा! त्यामुळे २०२३ च्या उन्हाळ्यात एका सामाजिक संस्थेच्या बाई माझ्या घरी आल्या आणि ‘आमच्या आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी एक छोटी पुस्तिका लिहून द्याल का?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी हुरळून गेले हे कबूल केलेच पाहिजे.

काम दिसायला सोपे होते. पुण्याच्या पश्चिमेला वाकड-हिंजवडीच्या बाजूला इमारतींचे जंगल वाढत आहे. त्या इमारती बांधणारी माणसे बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा आणि बंगालमधून आलेली. ती राहतात बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत. त्या वस्तीला सगळे ‘लेबर कॅम्प’ म्हणतात. तेथे जाणाऱ्या आशाताई मात्र अस्सल मराठी. कोणी मुळशीकडची, कोणी लातूरकडून पुण्याला नांदायला आलेली. या दोघींमध्ये बोलणे व्हावे कसे? तर एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी अशी वाक्ये छापून द्यावीत, म्हणजे झाले, असा साधा हिशेब होता. तो संस्थेचाही होता आणि माझाही.

आशाताई म्हणजे कोण, हे खेड्यातल्या वाचकाला सांगायला नको; शहरातल्या वाचकासाठी दोन शब्द सांगते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले, त्यात साधारण हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई निवडून तिला आरोग्याचे प्राथमिक शिक्षण द्यावे असे ठरले. २०१३ साली शहरी अभियान आले आणि आशाताई शहरांतल्या गरीब वस्त्यांतही दिसू लागल्या. आज देशभर त्यांची संख्या दहा लाखांच्या वर आहे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरी त्यांना बांधलेला पगार नाही. बराचसा मोबदला कामागणिक मिळतो. बाळंतपण दवाखान्यात झाले, बाळाला लस मिळाली, बेचाळीस दिवसांपर्यंतच्या घरभेटी पुऱ्या झाल्या, की त्या-त्या कामाचे पैसे. समोरच्या बाईचे बोलणे समजून घेण्यात तासभर गेला, तर त्या तासाचा रकाना कोणत्याही कागदावर नाही.

मी पुस्तिका लिहिली. बत्तीस पाने. शब्दकोश उशाशी घेऊन लिहिली. ‘अतिसार’, ‘निर्जलीकरण’, ‘गर्भावस्थेतील धोक्याची लक्षणे’ अशी मथळ्यांची आरास केली आणि प्रस्तावनेत मोठ्या ऐटीत एक वाक्य टाकले : ‘हिंदी ही सर्वांनाच समजत असल्याने ही पुस्तिका सर्व स्थलांतरित भगिनींसाठी उपयुक्त ठरेल.’ त्या वाक्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

पहिले काही दिवस गंमतीत गेले. प्रशिक्षणाच्या वर्गात आशाताई आपापले अनुभव सांगत आणि आम्ही पोट धरून हसत असू. एकीने कॅम्पात जाऊन विचारले होते, ‘बच्चे को लस दिया क्या?’ समोरची बाई संकोचून म्हणाली, ‘इहाँ लस्सी कहाँ मिलेगी, दीदी?’ हिंदीत लशीला ‘टीका’ म्हणतात हे त्या ताईंना ठाऊक होते. पण ‘मॅडम, बाळाला टीका दिली का, असं मराठी तोंडानं विचारवतच नाही हो!’ असे त्या म्हणाल्या. मलाही ते पटले. आमच्या क्षेत्रात टीका देतात ती कवींना, आणि ती टोचतेही!

पण हसता हसता एक शब्द असा आला की माझे हसू थांबले. तो शब्द म्हणजे ‘जुलाब’. मूळचे फारसी ‘गुलाब’, गुलाबपाणी. अरबीतून फिरून तो आपल्याकडे औषधाचे नाव होऊन आला. हिंदीत आजही जुलाब म्हणजे पोट साफ करण्याचे औषध, रेचक. मराठीत मात्र तो मुख्यतः आजाराचे नाव झाला आहे. आता पाहा, आशाताई विचारते, ‘बच्चे को जुलाब है क्या?’ बिहारची आई ऐकते, ‘मुलाला रेचक दिले आहे का?’ आई खरे तेच उत्तर देते, ‘ना.’ ताई वहीत लिहिते, ‘जुलाब नाही’, आणि पुढच्या खोलीकडे वळते. मुलाचे पोट सकाळपासून सहा वेळा झरलेले असते. तिच्या बोलीत ‘पेट झरत बा’. ते तिला कोणी विचारलेलेच नसते. दोघीही खरे बोलल्या, दोघींनीही नीट ऐकले, आणि क्षारसंजीवनीची पुडी पिशवीतच राहिली.

मी तो शब्द पुस्तिकेत दुरुस्त केला. ‘जुलाब – दस्त’ असे लिहिले आणि समाधानाने पेन खाली ठेवले. एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

त्या वर्षीच्या श्रावणात आमच्या वर्गातल्या एक आशाताई पुस्तिका परत द्यायला माझ्या घरी आल्या. लातूरकडच्या, वयाने माझ्याहून लहान, बोलायला मोकळ्या. पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून त्या गप्पच बसल्या. मग सांगू लागल्या. कॅम्पात छपऱ्याकडची एक बाई होती, आठवा महिना लागलेली. ताई भेटीला गेल्या, तेव्हा ती खोलीच्या दारात पाय पसरून बसली होती. ताईंनी पुस्तिकेतला प्रश्न जसाच्या तसा वाचला, ‘पैरों में सूजन है क्या?’ ती काही बोलली नाही. कदाचित शुद्ध हिंदीने बावरली असेल. मग आपण होऊन म्हणाली, ‘दीदी, गोड़ फूल गइल बा. कपार बथत बा.’

‘मला वाटलं, गोड काहीतरी खाल्लं म्हणतीय, नाहीतर फुलाचं काही सांगतीय,’ ताई म्हणाल्या. ‘मी हसले. तीही हसली. मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आले.’

भोजपुरीत गोड़ म्हणजे पाय. ओडियात तोच, छत्तीसगढीतही तोच. ‘गोड़ फूल गइल बा’ म्हणजे पाय सुजले आहेत. ‘कपार बथत बा’ म्हणजे डोके ठणकते आहे. आठव्या महिन्यात पायांवर सूज आणि सतत ठणकणारे डोके एकत्र आले, की रक्तदाब वाढल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी नर्सताईंकडे किंवा दवाखान्यात न्यायचे, हे त्या ताईंना तोंडपाठ होते. परीक्षेत त्यांनी ते उत्तर बरोबर लिहिलेही होते. पण प्रश्न पुस्तकातल्या भाषेत आला नाही. तो तिच्या भाषेत आला.

चार दिवसांनी पहाटे त्या बाईला आकडी आली. मुकादमाच्या टेंपोतून तिला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनांनी ती वाचली. बाळ वाचले नाही.

‘मॅडम, तिनं मला सांगितलं होतं. मला ऐकू आलं, पण कळलं नाही,’ असे म्हणून त्यांनी पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवली.

मी त्या पुस्तिकेचे ते पान उघडून कितीतरी वेळ बसले होते. ‘पायांवर सूज – पैरों में सूजन.’ व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखनाची चूक नाही. पण ज्या बाईसाठी ते वाक्य लिहिले, तिच्या तोंडात तो शब्द नव्हता, आणि तिच्या तोंडात होता तो शब्द मी कोणाला विचारला नव्हता. ताई स्वतःला दोष देत होत्या. तो दोष त्यांचा नव्हता, हे त्यांना पटवायला मला बरेच दिवस लागले.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. तेव्हा कळले, की आपण ठेचकाळलो तो दगड जुनाच आहे, आणि तो ओलांडणारी माणसेही आपल्याच मुलखात होऊन गेली आहेत.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावला पटकीची साथ उसळली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवला, तो पिंपांत भरला आणि रोग्यांच्या नातलगांनाच सांगितले, ‘हे पाजत राहा.’ शंभरांत तिसाच्या आसपास माणसे दगावत होती. त्या उपचाराने ते प्रमाण चारांच्या आत आले. हा इतिहास आता पुष्कळांना ठाऊक आहे. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी त्या पाण्याला नाव दिले ‘ओरल सलाइन’. सलाइन म्हणजे मोठे औषध, हे लोकांच्या मनात आधीच बसलेले होते. नुसते मीठसाखरेचे पाणी म्हटले असते तर कोणी त्यावर विसंबला असता का? तेव्हा शब्द निवडणे हाही उपचाराचाच भाग होता.

पुढची गोष्ट बांगलादेशातली. तिथल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात स्त्री-कार्यकर्त्यांना घरोघर पाठवले आणि एक कोटीहून अधिक घरांतल्या बायकांना मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी यांचे पेय करायला शिकवले. कार्यकर्तीला पैसे मिळत ते तिने किती सांगितले यावर नव्हे, तर शिकलेल्या आईच्या किती लक्षात राहिले, यावर! नंतर तपासणीसाने जाऊन आईला विचारायचे आणि तिच्या उत्तरावर शिकवणारीचा मोबदला ठरवायचा. आम्हा प्राध्यापकांना हा नियम लावला, तर किती जणांच्या चुली पेटतील, देव जाणे!

पण तिथेही एक कोडे पडले. बायकांना पेय उत्तम करता येई, मात्र मूल आजारी पडले की त्यांतल्या पुष्कळजणी ते करीतच नसत. शोध घेतल्यावर उलगडा झाला. ‘डायरिया’ हा शब्द त्या बायका फक्त पटकीसारख्या पाण्यासारख्या हगवणीला वापरीत. तान्ह्या बाळाची हगवण ती ‘दूध-हागा’, अपचनाची ती ‘अजीर्ण’, आव पडते ती ‘आमाशा’. त्यांच्या लेखी हे निरनिराळे आजार. पेय शिकवले होते ‘डायरिया’साठी, मग दूध-हागाला ते कशाला करायचे? शिकवणारी बंगाली, शिकणारी बंगाली, तरी दोघींमध्ये एका शब्दाची भिंत! मग आमच्या लातूरच्या ताई आणि छपऱ्याची बाई यांच्यामध्ये केवढी असेल?

आणि अगदी घरचे उदाहरण हवे तर गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही, हे श्वास मोजून ठरवायचे असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाले, तर धोका. पण साठपर्यंत मोजणेच ज्यांना अवघड, त्यांनी काय करायचे? तर त्यांच्यासाठी मण्यांचे साधे मोजयंत्र केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ‘आधी मोजायला शिकून या, मग आरोग्य शिकवू’ असे कोणी म्हटले नाही. शिक्षण शिकणारीच्या पायरीपाशी उतरले. तेथील घरोघरच्या नवजात-सेवेचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले आणि पुढे आशाताईंच्या शिक्षणातही ही पद्धत आली.

जे आकड्यांच्या बाबतीत करता आले, ते शब्दांच्या बाबतीत का करू नये? एवढाच माझा प्रश्न आहे.

आम्ही पुस्तिका बाजूला ठेवली आणि कॅम्पातल्या सुटीच्या दिवशी पत्र्याच्या खोल्यांसमोर सतरंजी टाकून बसलो. लातूरच्या ताई होत्या, आणखी चौघी होत्या आणि मी वही घेऊन. या वेळी शिकवायला नव्हे, विचारायला. ‘पोर खेळेनासं झालं की तुमच्यात काय म्हणतात? त्याची टाळू बसली की काय म्हणतात? छातीच्या फासळ्या आत ओढल्या जातात, त्याला नाव काय?’ पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडेना. मग एका म्हातारीने ‘पसली चलत बा’ म्हणून स्वतःच्या बरगड्यांवर हात ठेवून दाखवले, आणि सगळ्याजणी बोलू लागल्या. ‘साँस लेने में तकलीफ’ या माझ्या छापील वाक्याला माना हलत नव्हत्या. ‘पसली चलती है?’ म्हटल्याबरोबर दोघींनी आपापल्या मुलांच्या गेल्या वर्षीच्या दुखण्याची हकिकत सांगितली.

दोन महिन्यांत भोजपुरीचे साठेक शब्द जमले. सगळी भाषा शिकायची गरज नसते. धोक्याचे शब्द तेवढे ओळखता आले पाहिजेत. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून जाणे, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, आकडी, ताप, दूध न ओढणे. याच क्रमाने ओडिया आणि बंगाली शब्दांच्या याद्या कॅम्पातल्याच बायकांकडून करून घेतल्या. शब्द त्यांचे, लिहिणे आमचे.

या उद्योगात आणखी तीन गोष्टी कळल्या. पहिली अशी, की दुभाषी म्हणून मुलांना उभे करू नये. कॅम्पातली मुले शाळेत जातात आणि वर्षभरात छान मराठी बोलू लागतात, त्यामुळे ‘ए बाळा, आईला विचार’ म्हणणे सोपे वाटते. पण अंगावरून जाते का, हे कोणती आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगेल? ती ‘सब ठीक बा’ म्हणते आणि आपण ते लिहून घेतो. त्यासाठी प्रत्येक कॅम्पात एक जाणती बाई हवी, तिला थोडे शिक्षण हवे, आणि तिच्या वेळेचा मोबदलाही हवा.

दुसरी गोष्ट : ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हाँ दीदी’ असते. त्याऐवजी, ‘मी काय सांगितलं ते तुमच्या बोलीत मला सांगा’ असे म्हणावे. एकदा ताईंनी क्षारसंजीवनीची पुडी दिली, एक लिटर पाण्यात घालायला सांगितली; बाईने मान हलवली. उलट विचारल्यावर ती म्हणाली, ‘एक गिलास में एक पुड़िया.’ इतके दाट पाणी बाळाला अपाय करील! लिटर हे माप तिच्या घरात नव्हतेच. मग पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली शोधली, ती भरून दाखवली, आणि त्या दिवसापासून ताईंच्या पिशवीत एक रिकामी बाटली कायमची आली.

तिसरी गोष्ट लिपीची. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या कार्डावरचे आपले देवनागरी छपऱ्याच्या नर्सला निदान अक्षरे लावून वाचता येईल. बंगालच्या मालद्याला किंवा ओडिशात परतणाऱ्या बाईच्या हातात ते कार्ड म्हणजे नुसती नक्षी. म्हणून लशींची नावे आणि तारखा मोठ्या अक्षरांत इंग्रजीतही लिहायच्या, ही सवय ताईंनी लावून घेतली.

हे सगळे मी सांगू लागले, की एक आक्षेप हटकून येतो, स्टाफरूममध्येही आला. ‘अहो, तुम्ही मराठीच्या प्राध्यापिका! इथे आलेल्यांनी मराठी शिकायला नको का?’ हवी ना. ती शिकवायला मी एका पायावर तयार आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते. पण आठव्या महिन्याची, डोके धरून बसलेली बाई काही मराठीच्या वर्गाला आलेली नसते. तिला आधी वाचू द्या. मराठी तिचे मूल शिकेल. आणि आपली माणसे तरी सदा आपल्याच अंगणात असतात का? बीडकडची ऊसतोड कुटुंबे दर हंगामाला कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. तिथे पालात बाळंत होणाऱ्या आपल्या लेकीने ‘माझं पोट दुखतंय’ म्हटले आणि समोरची कानडी आशाताई नुसती हसली, तर आपल्याला काय वाटेल?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे ४५ कोटी माणसे स्थलांतरित म्हणून नोंदली गेली, आणि त्यांतला फार मोठा भाग लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या स्त्रियांचा आहे. आशाताईंच्या निवडीतही गावात नांदायला आलेल्या बाईलाच पसंती असते. कारण लेक सासरी जाते, सून राहते. म्हणजे आमच्या बहुतेक ताई स्वतःच एकदा परक्या उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या आहेत. लातूरच्या ताई सांगतात, पुण्यात नवीन आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यावर शेजारणी हसायच्या. सासरची भाषा कशी उचलायची, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. फक्त त्यासाठी वेळ, शब्दांची यादी आणि त्या श्रमाचे दोन पैसे द्यावे लागतात. आशाताईंचे शिक्षण राज्याच्या भाषेत होते, ते योग्यच आहे. त्याला वर्षातून चार-पाच दिवसांची जोड द्यावी, वस्तीत ज्या बोली आहेत त्यांची, आणि शिकवायला त्या वस्तीतल्याच बायका बोलवाव्यात, एवढेच मागणे आहे. त्याला लागणारी सामग्री म्हणजे एक सतरंजी, एक वही आणि थोडी लाज सोडण्याची तयारी.

हा लेख लिहीत असताना कॅम्प अर्धा रिकामा झाला आहे. दिवाळी-छठसाठी माणसे गावी निघाली आहेत. गेल्या आठवड्यात ताई आणि मी निघणाऱ्यांची कार्डे तपासायला गेलो होतो. छपऱ्याची ती बाई भेटली. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, पाचवा महिना आहे; रक्तदाबाची तपासणी दर भेटीला होते. ताईंनी तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला आणि विचारले, ‘गोड़ ठीक बा?’

‘ठीक बा, दीदी,’ ती म्हणाली. मग तिने ताईंना गावाकडच्या दवाखान्यात काय सांगायचे ते स्वतःहून म्हणून दाखवले. मागच्या वेळची आकडी, रक्तदाब, इंजेक्शन. सगळे तिच्या बोलीत, एकही गोष्ट न गाळता. ताई ऐकत होत्या आणि मान हलवीत होत्या. या वेळी त्यांना कळत होते.